अख्खा चेहरा

माणूस काढायला मी शिकलो तो कोटापासून. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत लेले मास्तरांचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत कॅमेरा, पडदा आणि एक लाकडी खुर्ची. मागच्या खोलीत मेलेल्या माणसांचं काम चाले. मावळातल्या गावागावांतून लोक यायचे. कुणाचा बाप गेलेला असे, कुणाची आजी, आणि हातात कुठल्या तरी लग्नातला जुना फोटो, त्यात गेलेलं माणूस तिसऱ्या रांगेत हरभऱ्याएवढं. मास्तर तो चेहरा मोठा करत, हाताने रंगवत आणि काचेच्या फ्रेममध्ये बसवून देत. अंगं त्यांच्याकडे तयारच असायची. कागदावर काढलेली, गळ्यापासून पोटापर्यंतची तीन अंगं, एक काळा कोट, एक सदरा-उपरणं आणि एक हिरवा शालू, वर चेहऱ्याची जागा कोरी. ज्यांनी जन्मात कोट अंगाला लावला नाही अशी कितीतरी माणसं आमच्या भागातल्या भिंतींवर आजही कोट घालून बसलेली आहेत. त्यातले पुष्कळ कोट मी रंगवलेले आहेत, आणि त्यांच्या गुंड्या अजून ओळखता येतात.

मी भाज्याचा. अकरावीला लोणावळ्यात नाव घातलं होतं. सकाळी मळवलीपर्यंत चालत जायचं आणि तिथून गाडीने एक स्टेशन. कॉलेज दुपारी सुटे, परतीची गाडी उशिरा असे, आणि त्या मधल्या वेळात मी मास्तरांकडे जाऊन बसायला लागलो. चित्रांचा नाद आधीपासूनच होता. लहानपणी म्हशी घेऊन वर गेलो की शेवटच्या लेण्यातला हत्तीवर बसलेला माणूस मी कोळशाने दगडावर काढायचो, कारण तो हलत नसे. गावातली माणसं फार हलत. मास्तरांनी माझी वही पाहिली, एक कोट माझ्यापुढे सरकवला आणि गुंड्या रंगवायला सांगितल्या.

तीन महिने कोट केल्यावर एके दिवशी ते म्हणाले, "आता कोटाच्या आतलं काढ." आणि अंगातला सदरा काढून खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. साठीचा माणूस, दम्याने छातीचा पिंजरा वर आलेला, पोट आत. मला लाज वाटली. मी पटापट काढून मोकळा झालो. त्यांनी कागद हातात घेतला आणि पेन्सिल माझ्याच चेहऱ्यावर उभी धरली. डोळ्यांपासून टाळूपर्यंत एक माप, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत दुसरं. दोन्ही सारखी निघाली. "सगळे जण डोळे वर चढवतात," ते म्हणाले, "कारण कपाळाकडे कोणी बघतच नाही. दिसतं ते काढ, बाळकृष्ण. माहीत आहे ते काढू नकोस." मग हळूहळू बाकीचं आलं. उभा माणूस म्हणजे त्याच्याच डोक्याची साडेसात मापं. पंजा हनुवटीपासून कपाळापर्यंत पोचतो. एका पायावर भार दिला की एक खुबा वर जातो आणि खांदा त्याच्या उलट खाली येतो. त्या हिवाळ्यात मी हात लांब करून, पेन्सिल उभी धरून, एक डोळा मिटून, दिसेल त्याला मोजत फिरत असे. आमचे थोरले चुलते, ज्यांना सगळं गाव आबा म्हणे, त्यांनी एकदा वडिलांना विचारलं, "पोराच्या डोळ्याला काय झालंय रं? दवाखान्यात तरी ने." वडील, म्हणजे अण्णा, नुसते हसले होते. अण्णांचं ते हसणं मला आठवतं, कारण त्यानंतर ते फार हसल्याचं आठवत नाही.

घर चार खणांचं होतं. पुढे ओटा, आत माजघर, त्याच्या मागे चूल. सकाळी जाग यायची ती आईच्या बांगड्यांनी. पीठ मळताना तिच्या बांगड्या परातीच्या काठावर वाजत आणि तो आवाज थांबला की भाकरी तव्यावर पडली असं समजायचं. नाचणीची भाकरी, हुलग्याची पिठी, कधी सुकट, आणि शेतातला आंबेमोहोर शिजला की वास पार रस्त्यापर्यंत जाई. खाली रुळांवरून मालगाडी गेली की फडताळातली पितळी भांडी बारीक थरथरत. आईला मी कितीदा म्हटलं, जरा बस, तुला काढतो. ती म्हणे, "मला कशाला काडतो? म्हशीला काड, ती बसतीया निवांत." ती कधी बसली नाही. बसली तरी तिची पाठ माझ्याकडे असे, कारण चूल भिंतीला होती. तेव्हा मी तिची पाठच काढली. मानेवरचा अंबाडा, पाठीतला बाक, पाटाखाली दुमडलेली टाच, भेगांसकट. वहीत तशी सात-आठ चित्रं होती आणि ती चांगली होती. हे मी आता चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवल्यावर म्हणतो आहे.

पुढच्या श्रावणात तिला कावीळ झाली. गावठी औषध झालं, मग कामशेतचे डॉक्टर झाले, मग पुण्याला न्यायचं ठरलं आणि न्यायच्या आधीच ती गेली. अकरा दिवसांत सगळं आटोपलं. मी सतरा वर्षांचा होतो, धाकटी बहीण कमल चार वर्षांची. बायका रडत होत्या, अण्णा ओट्याच्या खांबाला टेकून बसले होते आणि मी आईकडे बघत होतो. तिला अंगणात निजवलं होतं. माझ्या डोक्यात एवढंच आलं की ही सात डोक्यांची आहे, साडेसात नाही. मी दोनदा मोजलं. रडू आलं नाही. तेव्हाही नाही, दहाव्यालाही नाही, आणि मग लोकांनीच मला रडवायचा नाद सोडला. आतून कोणीतरी कापूस भरून ठेवल्यासारखं होतं. भूक लागे, झोप येई, कॉलेजला जाई, गुंड्या रंगवी. याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं, अजूनही नीट ठाऊक नाही.

घर सांभाळायला म्हणून सुमन मावशी आली. आईची सगळ्यांत धाकटी बहीण, तेव्हा बावीस वर्षांची. माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठी, पण आली त्या दिवसापासून तिने मला ताटाजवळ बसवून 'बाळू, खा' म्हणायला सुरुवात केली. तिची भाकरी आईच्या भाकरीपेक्षा जाड होती. कमल आधी तिच्याकडे जाईना, मग तिला सोडीना. पीक हाती आलं की मावशी माघारी जाणार, असं बोलणं होतं. मग माघ झाला, चैत्र झाला, आणि ती राहिलीच.

वैशाखात आबांनी वर्षश्राद्धाचा विषय काढला. फोटो हवा. घरात आईचा एकही फोटो नव्हता. एका लग्नातल्या गटाच्या फोटोत ती होती, पण हातात अक्षतांचं ताट आणि मान वळलेली. चेहऱ्याच्या जागी नुसता पदर आणि एक कान. आबा म्हणाले, "येवडा लोनावळ्याला शिकतोस, तूच काड की. आयचं तोंड पोराला ठावं नसंल तर कुनाला?"

मी कागद घेऊन बसलो. चार दिवस बसलो. अंडाकृती काढली, मधून रेघ मारली, डोळ्यांची जागा अर्ध्यावर आखली, आणि पुढे काहीच आलं नाही. आईचे डोळे कसे होते ते मला आठवेना. नाक आठवेना. डोळे मिटले की तिची पाठ दिसे, अंबाडा दिसे, टाच दिसे. सतरा वर्षं मी तिच्यासमोर जेवलो आणि तिच्याकडे समोरून कधी बघितलंच नाही, असं काहीसं झालं होतं. शेवटी मी तिची पाठच मोठ्या कागदावर काढली, चुलीसमोर बसलेली, आणि आबांना दाखवली. आबांनी ती बराच वेळ पाहिली. "हाय तर तीच," ते म्हणाले. "पर पाठीला हार कसा घालायचा, बाळू?" मी कागद गुंडाळून ठेवला.

मास्तरांना सांगितल्यावर त्यांना नवल वाटलं नाही. फोटोच नाही अशी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे नेहमी येत. मग ते नातलगांना बाकावर ओळीने बसवत आणि विचारत, कपाळ कोणावर गेलं होतं? नाक कोणाचं? हनुवटी? आत्याचं कपाळ, थोरल्या मुलाचं नाक, बहिणीची जिवणी, असं जुळवत जुळवत एक चेहरा तयार होई आणि घरचे म्हणत, हो, हेच. मला ते म्हणाले, "मावशी आहे ना घरी? तिचं कपाळ घे, जिवणी घे. नाक आणखी कोणाचं तरी बघ. एक मात्र लक्षात ठेव. जिवंत माणसाचा अख्खा चेहरा मेलेल्याला लावायचा नाही. त्याला हार पडतो. निदान तिघांकडून घे." मास्तर एरवी देव-धर्म फारसा मानत नसत. पण हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता.

मावशी दुपारी ओट्यावर तांदूळ निवडायला बसे. माझ्यासमोर तासभर एका जागी बसलेलं ते पहिलं माणूस. उन्हाचा पट्टा तिच्या गुडघ्यापर्यंत येई आणि वर चेहऱ्यावर जमिनीवरून परतलेला मऊ उजेड. मी समोर पाट टाकून बसलो, हात लांब केला, एक डोळा मिटला.

"माजं तोंड काडतो का अक्काचं?" तिने विचारलं.

"आईचं. तुझं फक्त कपाळ घेतोय."

"घे बापडं. तेवडंच कामाला येऊ दे."

ती बोलत असे आणि मी काढत असे. तळेगावचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कारखान्यात कामाला, मामांच्या ओळखीतला. बघायला आला तेव्हा कारखान्याचेच जाडजूड बूट घालून आला होता आणि त्याने तिला एकच प्रश्न विचारला होता, सिनेमा आवडतो का. "मी म्हनले, बगितलाच न्हाई तर आवडंल कसा? तर म्हनला, मग बगू." एवढं सांगून ती सुपातल्या तांदळाकडे बघत हसली आणि मग बराच वेळ तिचा चेहरा तसाच राहिला. मी तेव्हा जिवणी काढत होतो. वर्षश्राद्ध झालं की बोलणी पक्की करायची, असं तिच्या घरचं ठरलं होतं. तळेगावला तिला नळाचं पाणी मिळणार होतं, हे तिने मला दोनदा सांगितलं.

कपाळ आणि जिवणी झाल्यावर मी थांबायला हवं होतं. पण कपाळाखाली भुवई होती आणि भुवईखाली पापणीची घडी, आणि त्या घडीच्या कडेला छोटी सावली, ती जिथे होती तिथेच मी ठेवली तेव्हा कागदावरचा डोळा माझ्याकडे बघायला लागला. तोवर मी काढलेले सगळे डोळे नुसते डोळे होते. हा कोणाचा तरी होता. मला आनंद झाला. आई गेल्यापासून मला काही वाटलं असेल तर ते हेच, आणि ते सांगताना आजही बरं वाटत नाही. आतला कापूस कोणीतरी ओढून काढला होता. आठ दिवस मी लोणावळ्याला गेलो नाही. नाक दुसऱ्या कोणाचं बघायचं मनातही आलं नाही. दिसतं ते काढायचं, असं मला शिकवलं होतं आणि मी ते पहिल्यांदा करू शकत होतो. शेवटी हनुवटीवर आईचं गोंदण काढलं, तीन हिरवे ठिपके, आणि कपाळावर तिच्यासारखी कुंकवाची आडवी चिरी. मावशीला गोंदण नव्हतं. माझ्या हिशेबाने एवढ्याने ती आई झाली.

मास्तरांनी मावशीला पाहिलं नव्हतं, आईलाही नाही. त्यांनी चित्र खिडकीशी नेलं, दूर धरलं, जवळ घेतलं. "हात सुटला तुझा आता," ते म्हणाले. मग विचारलं, "किती जणांचा आहे?"

"तिघांचा," मी म्हणालो.

खाली हिरवा शालू त्यांनी स्वतः जोडून दिला आणि काच बसवली.

वर्षश्राद्धाला घर माणसांनी भरलं होतं. चुलीवर मोठं पातेलं, खीर, वडे, आळूची भाजी. मी माजघराच्या भिंतीवर खिळा ठोकला आणि कागदात गुंडाळलेली फ्रेम सोडवून लावली. अण्णा समोर येऊन उभे राहिले. वर्षभरात ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. त्यांनी चित्राकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "व्हय. हीच." आणि खाली बसून रडले. मागे बायकांनीही सुरू केलं. आत्या म्हणाली, आता बोलंल असं वाटतंया. शेजारच्या गावातले दोघे माझ्या पाठीवर थाप मारून गेले, आणखी एकाने त्याच्या बापाचं चित्र काढून देशील का असं तिथेच विचारलं. आबांनी झेंडूचा हार घातला. मी हातोडी हातात घेऊन उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात मावशी चुलीकडून भाताचं पातेलं घेऊन आली आणि दारात थांबली. तिने भिंतीकडे पाहिलं. तिने ओळखलं हे मला त्याच क्षणी कळलं, कारण तिने पातेलं खाली ठेवलं आणि पदराने स्वतःची हनुवटी पुसली, जणू तिथे काही लागलं असावं. आबा चित्राकडे बघत होते. मग त्यांची मान दाराकडे वळली.

"सुमन, जरा म्होरं ये," ते म्हणाले.

ती दोन पावलं आली. आबांनी तिच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, परत तिच्याकडे. "बगा की रं," ते सगळ्यांना म्हणाले. "आपल्या ध्यानातच आलं न्हाई. अक्षी थोरलीचं रूप. पोरगी हिला चिकाटलीया, घर हिनं संबाळलंय. आन् आपन हिला तळेगावला धाडाय निघालो." मामा समोरच बसले होते. ते म्हणाले, तिकडं शब्द दिलेला न्हाई अजून. कोणीतरी म्हणालं, मग झालं तर. अण्णा खाली मान घालून बसले होते, त्यांनी वर पाहिलं नाही, नकोही म्हणाले नाहीत. पानं वाढायची खोळंबली होती आणि लोकांना भूक लागली होती. अशा गोष्टी आमच्याकडे अशाच ठरत.

मावशी माझ्याकडे बघत होती. त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की हे आईचं रूप नाही, ही मावशीच आहे. आईचा चेहरा मला आठवला नाही म्हणून समोर बसली होती तिला मी काढलं. हे ऐकलं असतं तर आबांनी कपाळाला हात लावला असता, हार उतरवला असता, मला शिव्या घातल्या असत्या. जिवंत मुलीच्या चेहऱ्याला हार पडलेला बघून तो विषय त्या दिवशी तरी कोणी पुढे नेला नसता, आणि त्या दिवशी टळला असता तर मामांनी पुढच्या आठवड्यात तळेगावला शब्द दिला असता. ती बघत राहिली. तिचं तोंड किंचित उघडं होतं. ती स्वतः बोलणार नव्हती; मोठ्यांसमोर अशा बाबतीत मुलीने बोलायची रीत नव्हती. बोलणारा मीच होतो. मी वळलो, आणि फ्रेम थोडी कलली होती ती सरळ केली.

अण्णांचं आणि तिचं लग्न देवळात झालं, बँड नाही, मांडव नाही. त्यानंतर ती मला 'बाळू, खा' म्हणत राहिली आणि मी तिला मावशीच म्हणत राहिलो. कोणी हरकत घेतली नाही. तिला संदीप झाला. दर पितृपक्षात चित्राला हार घालायचं काम घरातल्या बाईकडे आलं, म्हणजे तिच्याकडेच. स्टुलावर चढून, मान बाजूला वळवून ती हार अडकवायची, आणि खाली उतरून नमस्कार करायची. मी ते पाहत असे. काही वाटत नसे. पुढे मी चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला, तळेगावला शाळेत लागलो, तिथेच घर केलं. मुलांना सांगायचो, दिसतं ते काढा. तळेगावच्या बाजारात जाडजूड बूट घातलेला माझ्यापेक्षा थोडा मोठा माणूस दिसला की मी तोंड फिरवत असे, एवढंच. आणि एक झालं. आईचा चेहरा मला त्या वेळी आठवला नव्हता. आता आठवायचा प्रयत्न केला की तांदूळ निवडणारी मावशी येते, हनुवटीवर तीन ठिपके घेऊन. कमलला तर तेवढंच ठाऊक आहे. तिच्या घरी त्याच चित्राची प्रत लावलेली आहे.

गेल्या वर्षी संदीपने घराला वरचा मजला चढवला. शनिवार-रविवारी धबधब्याला आणि लेण्यांना येणाऱ्या लोकांसाठी वर दोन खोल्या काढल्या. खालच्या भिंतींनाही रंग द्यायचा होता, म्हणून सगळे फोटो उतरवले. मी त्या दिवशी सहज गेलो होतो. मावशी ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. गुडघे गेलेत, फार हिंडत नाही. संदीपची बायको रूपाली फ्रेम पुसत होती. मावशी म्हणाली, "ती आन हिकडं." तिने ती मांडीवर घेतली, चष्मा लावला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला त्या चित्राकडे सरळ बघताना पाहिलं.

"मोठ्या आई किती देखण्या होत्या ना?" रूपाली म्हणाली.

मावशी काचेवरून बोट फिरवत राहिली, कपाळावरून, भुवईवरून. मग तिने मान वर केली. "बाळू," ती म्हणाली, "हिला सांग, ही कोन हाय."

रंगाऱ्याने आत भिंत घासायला सुरुवात केली होती. मी म्हणालो, "मावशी, ती तू आहेस."

रूपाली हसली आणि मग आमच्याकडे बघून थांबली.

"मी अशी व्हते व्हय," मावशी म्हणाली. ते विचारणं होतं की नुसतं म्हणणं, ते कळलं नाही. तिचा त्या वयाचा दुसरा एकही फोटो कुठे नाही.

"अगदी अशी."

"मग तवा का न्हाई बोलला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ का नाही घातलं, असं विचारावं तसं तिने विचारलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी या प्रश्नाची उत्तरं तयार करून ठेवली होती. मी लहान होतो, आई गेलेली होती, मोठ्यांपुढे बोलायची सोय नव्हती. ती सगळी खरीच होती. पण तिने विचारल्यावर जे तोंडातून आलं ते वेगळंच होतं.

"चित्र चांगलं आलं होतं, मावशी," मी म्हणालो. "सगळ्यांना आवडलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली, दारात पातेलं ठेवून पाहिलं होतं तशीच, फक्त आता तोंड मिटलेलं होतं. मला रडू यायला लागलं आणि ते थांबेना. तिने मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. ती परत चित्राकडे बघायला लागली.

"व्हय," ती म्हणाली. "चांगलं आलंय खरं."

संध्याकाळी भिंत वाळली. संदीपने नवा खिळा ठोकला, फ्रेम लावली, आणि रूपालीने बाजारातून आणलेला चंदनाचा हार पिशवीतून काढून झटकला.

"हार नगं घालू गं," मावशी खुर्चीतून म्हणाली. "जित्ती हाय मी अजून."